आगोटीचं निमित्त

"आपल्यात मूळचं कोकणातलं कोण कोण आहे? हात वर करा बघू," असं हर्षदनं विचारलं तेव्हा प्रमोदनं हात वर केला नाही. का नाही केला, हे त्याला विचारलं असतं तर त्यालाही धड सांगता आलं नसतं. आंजर्ल्याच्या अलीकडं बस चहाला थांबली होती, नुकतं उजाडत होतं, आणि मुंबईहून रात्रभर अवघडून आलेली मंडळी कागदी पेले हातात घेऊन जांभया देत उभी होती. हर्षद हा या भटक्या मंडळाचा म्होरक्या. ओळखी करून देण्याची त्याची ही पद्धत. दोघातिघांनी हात वर केले, एक रोह्याचा निघाला, एक बाई मालवणची, टाळ्याही पडल्या. प्रमोदच्या उजव्या हातात चहा होता आणि डावा खिशात होता, आणि दोन्ही हात होते तिथंच राहिले. डावा वर करायला असा काय वेळ लागतो? पण मग पुढचा प्रश्न आला असता, कोकणात कुठं? सावर्ड्याच्या आत, असं म्हटलं असतं तर, अरे वा, आणि आडनाव? आणि आडनाव सांगितल्यावर समोरचा जो एक छोटासा 'हं' करतो, आणि त्या 'हं'नंतर आपण कुठल्या वाडीतले हे त्याला कळलेलं असतं, तो 'हं' ऐकावा लागला असता. प्रमोदला त्याचा पूर्वी संताप यायचा. हल्ली नुसता कंटाळा येतो. बुद्धाच्या तसबिरीखाली वाढलेल्या माणसाला इतपत शांती पन्नाशीपर्यंत मिळायलाच हवी, असं तो स्वतःला गमतीनं म्हणे. पण खरं कारण तेही नव्हतं.

खरं कारण असं, की कोकणातला चाकरमानी कोकणात उतरतो तो घरी जायला. जयंतीला उतरेल, लग्नाला उतरेल, मयतीला उतरेल, आंब्याला उतरेल, पण उतरला की घरी जाईल. जिल्ह्यात यायचं, समुद्र बघायचा, फोटो काढायचे आणि वाडीत तोंड न दाखवता परत फिरायचं, याला त्यांच्या वाडीत शब्दच नव्हता; असता तर तो शिवीतच जमा झाला असता. आणि प्रमोद नेमकं तेच करायला निघाला होता. घरी आई होती. एकटी. बाबा वारले तेव्हा त्यांच्या पुण्यानुमोदनाला तो गेला होता त्याला दोन वर्षं होऊन गेली, त्यानंतर गेलाच नव्हता. दर रविवारी फोनवर तो तिला सांगे, साहेब रजा देत नाही. साहेब बिचारा भला माणूस होता, रजा मागितली असती तर चार दिवस जास्तीच दिले असते. या सहलीचंही असंच झालं. ऑफिसातल्या कुणीतरी जागा राखली होती, त्याचं ऐनवेळी रद्द झालं, "तू जातोस का रे?" असं त्यानं विचारलं आणि प्रमोद हो म्हणून बसला. कुठं जायचंय हे त्यानं नंतर विचारलं. दापोली, आंजर्ले, हर्णे, किनाऱ्याकिनाऱ्यानं चालायचं. मग नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणणं हा त्याचा प्रांतच नव्हे.

चालायला सुरुवात झाली तेव्हा ओहोटी लागली होती. ओली वाळू पायाखाली घट्ट लागत होती आणि चालणं सोपं होतं. डाव्या हाताला सुरूची झाडं, उजवीकडं समुद्र, पुढं मंडळींच्या एकसारख्या निळ्या टोप्या. त्या टोप्या हर्षदनं वाटल्या होत्या, म्हणजे गर्दीत कुणी हरवू नये. प्रमोदनं आपली टोपी कपाळावर ओढून घेतली होती आणि गुडघ्यापर्यंतची पँट घातली होती, तीही राहीच्या आग्रहावरून. राही म्हणजे त्याची बायको. "समुद्रावर काय फुलपँट घालून फिरणार?" असं ती म्हणाली होती. शेजारून मनस्वी नावाची एक तरुण बाई चालत होती, तिला बोलायची हौस होती. "तुम्ही कधी आला होतात का या बाजूला?" तिनं विचारलं. "नाही," प्रमोद म्हणाला. हे मात्र खोटं नव्हतं. सगळ्यांना वाटतं की रत्नागिरी जिल्हा म्हणजे अंगणात समुद्र. सावर्ड्याच्या आतल्या माणसाला समुद्र ठाऊक असतो तो वासानं. मे महिना सरत आला की बाबा बाजारातून आगोटीची खरेदी करून आणत. पावसाळ्याची बेगमी, तिला आगोट म्हणायचं. मीठ, मिरची, गूळ, आणि सुकी मासळी: सुकट, बोंबील, खारवलेला बांगडा. आई ती पुन्हा एकदा अंगणात चटईवर उन्हात टाकी आणि प्रमोदला काठी घेऊन कावळे हाकलायला बसवी. तो वास म्हणजे समुद्र. एकोणिसाव्या वर्षी मुंबईत त्यानं पहिल्यांदा खरा समुद्र बघितला तेव्हा तो किती तरी वेळ नुसता हुंगत उभा राहिला होता, आणि तो वास काही येईना म्हणून हिरमुसला होऊन खोलीवर परतला होता. हे त्यानं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. मनस्वीलाही सांगितलं नाही. तिनं तोवर शिंपले वेचायला सुरुवात केली होती.

ऊन चढलं तसं किनारा सोडून मंडळी कड्यावर चढली. वर देऊळ होतं. सगळे आत गेले, प्रमोद बाहेर सावलीला पाणी पीत बसला. खाली खाडी, पलीकडं हर्णे, समुद्रात किल्ला. चांगलं दिसत होतं, नाही असं नाही. तो बघत होता आणि मनात आईचा गुडघा होता. हा गुडघा दोन वर्षांपूर्वी दुखायला लागला. म्हणजे बाबा गेल्यावर प्रमोदनं पहिल्यांदा फोनवर विचारलं, "आये, आता इकडंच ये राहायला," तेव्हापासून. "यीन रं," ती म्हणाली होती, "पन ह्यो गुडघा उचलत नाय. तुमचं घर तिसऱ्या माळ्यावर." विरारच्या त्या इमारतीला लिफ्ट नव्हती, हे खरंच होतं. पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा गुडघा. तेव्हापासून दर रविवारी तो विचारी, ती गुडघा सांगे, तो म्हणे जप, तेल लाव, आणि मग दोघं पावसापाण्याचं बोलत. गावाला जाणाऱ्या कुणाच्याही हाती तो तेलाची बाटली धाडी, आणि एकदा गुडघ्यावर बांधायचा पट्टाही धाडला होता. राही मात्र परवा चिडून म्हणाली होती, "आईंना आणायचं की नाही ते एकदाचं ठरवा. आणायचं तर तळमजल्यावर जागा बघा, नसेल आणायचं तर तसं सांगा. दर रविवारी काय हे नाटक?" नाटक म्हणाली, त्याचा प्रमोदला राग आला होता. आणि त्याचबरोबर, आई येत नाही ती गुडघ्यामुळं येत नाही, या गोष्टीचा त्याला किती आधार आहे हेही त्याच्या ध्यानात आलं होतं. तिला यायचं होतं. गुडघा येऊ देत नव्हता. त्यालाही जायचं होतं. साहेब जाऊ देत नव्हता. असं सगळं जागच्या जागी बसलेलं होतं, कुणाचंच काही चुकत नव्हतं. अंधारात खाटेवर गुडघा चोळत बसलेली आई त्याला दिसे, वाईट वाटे, आणि वाईट वाटलं म्हणजे आपण मुलगा आहोत याचीही खात्री पटे.

दुपारी एका घरगुती खानावळीत जेवणं झाली. तळलेली सुरमई, सोलकढी, तांदळाच्या भाकऱ्या. सगळे वा वा करत होते आणि फोटो काढत होते. मग खाडीवरचा पूल ओलांडून मंडळी हर्ण्याला पोचली तेव्हा चार वाजत आले होते. लिलाव बघायचा होता. मासेमारीवरची पावसाळी बंदी आता तोंडावर आली होती, आणि बंदराच्या वाळूवर ही गर्दी. होड्यांतून टोपल्या उतरत होत्या, वाळूवर म्हावऱ्याचे ढीग पडत होते, बोली लागत होती, बर्फ फुटत होता. जरा बाजूला सुक्या मासळीच्या बायका बसल्या होत्या. आणि तिथं पोचल्याबरोबर प्रमोदच्या नाकात तो वास गेला आणि तो जागीच थांबला. इतकी वर्षं गेली आणि समुद्राला शेवटी तो वास आला! तो हसलासुद्धा स्वतःशी. आणि त्याच क्षणी, त्या वासातूनच यावा तसा, आवाज आला.

"बोंबील हायत का काड्या? ह्याच्यात जीव तरी हाय काय? लाव की गो नीट भाव, लांबनं आलाव आमी."

आवाज ओळखायला त्याला वळावं लागलं नाही. तरी तो वळला. पाठमोऱ्या चारपाच बायका होत्या, मधली हिरव्या लुगड्यातली उकिडवी बसली होती. पार गुडघे मुडपून, चवड्यांवर, टोपलीतले बोंबील एकेक करून उलटेपालटे करत. पहिल्यांदा प्रमोदच्या मनात आलं ते हे, की अशी उकिडवी बसली तर तिचा गुडघा दुखेल. दुसऱ्यांदा आलं ते, की पळावं. आणि हसू नये, पण तो खरंच पळाला. पालथ्या घातलेल्या एका होडीच्या आड जाऊन उभा राहिला, पन्नाशीचा, हाफ पँटीतला, निळ्या टोपीतला माणूस. मनस्वीनं लांबून हात केला, त्यानंही केला, जणू काही होडीच बघतोय. आता काय करायचं? पुढं व्हावं तर साहेबानं न दिलेली रजा अशी चारचौघात उघडी पडते. आणि न व्हावं तर? तर काय, ती तिच्या वाटेनं जाईल, आपण आपल्या. उद्या रविवार. उद्या आपण फोन करू, ती म्हणेल पडून हाय, आपण म्हणू जप.

बोंबलांचा सौदा झाला. आई उठली. हात न टेकता, एका झटक्यात उठली. पिशवी शेजारणीच्या हातात दिली, लुगडं झटकलं आणि काहीतरी बोलली. सगळ्या खो खो हसल्या. त्यांत सखूकाकीही होती, त्यांच्या घराला लागून जिचं घर, ती. आणि मग त्या रस्त्याकडं न वळता, गर्दीतून वाट काढत समुद्राकडं निघाल्या. प्रमोद होड्यांच्या आडोशानं मागं मागं गेला. एक गोष्ट त्याच्या डोक्यात आता हळूहळू शिरत होती. सावर्ड्याच्या बाजारात सुकी मासळी मिळते. भरपूर मिळते, ढीग लागतात. मासळीसाठी सावर्ड्याहून हर्ण्याला कुणी येत नाही, अर्धा दिवस गाडीत धक्के खात तर नाहीच नाही. पण वाडीतली बाई 'मी फिरायला जाते' असं म्हणत नाही. म्हणेल कशी? फिरायला साहेबांच्या बायका जातात. ती आगोट आणायला जाते. आगोटीला कुणी नाही म्हणत नाही. बाबा असते तर म्हणाले असते, बाजारात मिळतंय की सगळं, आणि विषय तिथंच संपला असता. बाबा असेपर्यंत ती कधी चिपळूणच्या पुढं गेल्याचं त्याला आठवेना.

पाण्याच्या कडेला बायकांनी चपला काढल्या. आधी नुसती पावलं भिजवली, मग सखूकाकीनं आईला ओढलं, मग आईनं सखूकाकीला, आणि आईनं लुगडं वर खोचलं आणि ती सरळ पाण्यात शिरली. लाट आली तशी ती ओरडली. पोरीसारखी ओरडली. प्रमोदनं तिला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. त्याला ठाऊक होता तो तिचा हाक मारतानाचा आवाज, नाहीतर मयतीत रडतानाचा. आणि आता, लुगडं वर खोचलेलं असताना, त्याला तो गुडघा दिसला. दोन वर्षं ज्याची विचारपूस केली, ज्याच्यासाठी तेल धाडलं, तो हा. काळासावळा, गोल, ओला. त्याला काहीएक झालेलं नव्हतं. लाट ओसरली की तो वाळूतून उचलला जाई, पुन्हा रुते, पुन्हा उचलला जाई. होडीच्या फळीला प्रमोदनं हात टेकला. फळी चांगलीच तापलेली होती. म्हणजे तिला यायचंच नाही. विरारला, तिसऱ्या मजल्यावर असो की तळमजल्यावर, तिला यायचं नाही. दर रविवारी आपण विचारतो आणि दर रविवारी ती आपलं मन मोडू नये म्हणून कुठला तरी अवयव पुढं करते. त्याला वाईट वाटलं. चांगलंच वाटलं. आणि त्याच्याआड, ऐकू येईल न येईल असं, सुटल्यासारखंही वाटलं, आणि या दुसऱ्या वाटण्याची त्याला जास्त लाज वाटली.

तिथंच उभा राहिला असता तर निभावलं असतं. पण माणूस एवढा वेळ टक लावून बघायला लागला की बघितला जातोच. सखूकाकीनं कपाळावर हात आडवा धरला. "अगो बाय माजे! परभे, ह्यो तुजा परमोद न्हवं?"

आई वळली. त्या एका क्षणात तिच्या तोंडावर जे आलं ते प्रमोदला नीट दिसलं, मधे काही आडवं नव्हतं. आनंद नव्हे. ती भ्याली. चोरून चिंचा पाडताना मास्तरानं बघावं तशी भ्याली. खोचलेलं लुगडं तिनं घाईघाईनं खाली सोडलं, ते पाण्यात भिजलं. आणि मग ती त्याच्याकडं यायला निघाली. लंगडत. उजवा पाय जरासा ओढत, दर पावलाला ओठ आवळत, एक हात गुडघ्यावर. इतकं बेमालूम, की जे बघितलं ते बघितलंच नाही की काय, असं क्षणभर वाटावं.

"काय गो, आत्ता तर बरी व्हतीस?" सखूकाकी मागून म्हणाली.

"कवा आलास?" आईनं विचारलं.

"सकाळी. ऑफिसच्या लोकांबरोबर. कामच होतं जरा इकडं."

"हाफ पँटीत?" सखूकाकीनं त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. ही बाई आयुष्यात कधी मनातल्या मनात बोलली नसावी.

"आसंल काम," आई झटकन म्हणाली. "सायबाची मानसं, कसली बी कामं सांगतात. उन्हातानात फिरवतात." आणि तिनं त्याच्या पोटरीवरची वाळू वाकून झटकायला हात पुढं केला, मग गुडघा आठवून अर्ध्यातून थांबली. प्रमोदनं ते बघितलं. आता त्याची पाळी होती, आणि त्याला तसं वाटलंही, की आता आपली पाळी. "पाण्यात कशाला गेलीस?" तो म्हणाला. "गुडघा धरेल ना."

"ही वडून घेऊन आली. म्हटलं खाऱ्या पान्यानं जरा शेक व्हतोय."

"मी वडली? चार दिस झाले, रोज माज्या दारात यिऊन..." सखूकाकी सुरू झाली, पण दुसऱ्या एकीनं तिच्या दंडाला चिमटा काढला.

आईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भार टाकला. तो भार खोटा होता हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी तो हाडामांसाचा भार होता, ऊन आणि ओला, आणि तिच्या हाताला बोंबलांचा वास येत होता. बाबा गेले त्या दिवशीही तिनं त्याच्यावर असा भार टाकला नव्हता. दोघं रस्त्याकडं चालू लागली. तो पावलं लहान टाकत होता, ती पाय ओढत होती. त्या गुडघ्याला दोघंही फार जपत होती. बायका मागून गुपचूप येत होत्या. पुढं, लांब रस्त्याच्या कडेला त्यांची भाड्यानं ठरवलेली वडापची जीप उभी दिसत होती, टपावर पिशव्या बांधलेल्या.

"घरी येऊ का, आये?" त्यानं विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. कदाचित रीत म्हणून, जिल्ह्यात पाऊल टाकलेल्या माणसानं विचारायचं असतं म्हणून. कदाचित खरंच.

"आज?" ती म्हणाली.

एवढंच. पण ते इतकं पटकन निघालं की तिलाही ते आवरता आलं नाही. लगेच ती म्हणाली, "ये की. ये. तुजंच घर हाय."

"आज कुठलं घर?" सखूकाकी म्हणाली. "आज दाभोळात वस्ती, माज्या लेकीकडं. उद्या फेरीबोटीत बसून पल्याड जायाचं. परभानंच ठरवलंन ना सगळं."

आईनं समुद्राकडं बघितलं, मग जीपकडं, मग प्रमोदच्या बुटांकडं. "बोट काय, कवा बी हाय," ती म्हणाली. "तू यीत आसशील तर गाडी वळवू. आत्ता वळवू." आणि तिनं खरंच ड्रायव्हरला हाक मारायला मान वळवली. बाकीच्या बायका आपापल्या पदराशी चाळा करत उभ्या होत्या. त्यांतली एकही नको म्हणाली नसती. मुंबईचा मुलगा घरी येतोय म्हटल्यावर बोट, दाभोळ, सगळं बाजूला पडलं असतं. त्या सगळ्या मुकाट्यानं गाडीत बसल्या असत्या आणि आई घरी जाऊन, लंगडत लंगडत, त्याच्यासाठी भाकऱ्या थापत बसली असती. प्रमोदनं फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हणण्यात त्याचा हातखंडा होता.

"नाही," तो म्हणाला. "माझी बस थांबलीय. साहेब आहे बरोबर."

"मंग नको," आई म्हणाली. "सायेब आसंल तर नको." तिनं त्याच्या खांद्यावरचा हात काढला. थोडा वेळ त्याच्याकडं नीट बघून घेतलं, टोपीखालून, जणू पोर ओळखीचं आहे की नाही ते बघावं तसं. "वाळलास," ती म्हणाली. तो वाळला नव्हता. "राहीला सांग, इचारलंय म्हनून. आनि उद्या फोन कर."

"करतो."

"घरीच आसन मी," ती म्हणाली.

सखूकाकीनं तोंड उघडलं आणि, आश्चर्य म्हणजे, मिटलं. "हो," प्रमोद म्हणाला. "तेल लावत जा."

ती वळली आणि जीपकडं निघाली. लंगडत. मधे वाळूचा मोठा पट्टा होता, वाळू भुसभुशीत आणि तापलेली, आणि ती एकेक पाऊल ओढत चालली होती. अर्ध्यावर जाऊन तिनं मागं वळून बघितलं. तो बघतोय असं दिसल्यावर तिनं हात केला आणि पाय जरा जास्तच ओढला. सत्तरीला आलेल्या बाईला अशा वाळूतून असं चालणं फार जड जात असणार. ती दमलेली दिसत होती.

मग प्रमोदच्या लक्षात आलं, की आपण बघतोय तोवर तिला असंच चालावं लागणार. त्यानं पाठ फिरवली. समोर लिलाव चालला होता, कुणीतरी त्याला हाक मारत होतं, निळ्या टोप्या जमत होत्या. तो कुठंच न बघता उभा राहिला. मागं बायकांचं हसू उमटलं, जीपचं दार आपटलं, इंजिन सुरू झालं, आणि आवाज पार नाहीसा होईपर्यंत त्यानं मान वळवली नाही.